मुष्टियोद्ध्याचें मोजमाप



गेल्या दिवाळींत माझा भाचा आमच्याकडे चार दिवस राहावयास आला होता. तो कॉलेजांत शिकतो आणि मुष्टियुद्धाचा त्याला मोठा नाद आहे. फराळाच्या वेळीं बोलतां बोलतां तो मला म्हणाला, "मामा, रॉकी मार्सियानो ४९ झुंजी खेळला आणि ४९ ही जिंकला. जो लुईस तीन वेळां हरला, आणि त्यांतली एक हार तर मार्सियानोच्याच हातून झाली. मग दोघांत मोठा कोण, हें विचारण्यांत अर्थच काय राहिला?"

प्रश्न सरळ होता, पण मला त्याचें उत्तर तत्काळ देतां आलें नाहीं. मी मुष्टियुद्धाचा जाणकार नव्हे. हयातभर शाळामास्तर होतों. परंतु जन्मभर उत्तरपत्रिकांवर आंकडे घालणाऱ्या माणसाला आंकडा किती सांगतो आणि किती लपवितो, याची थोडीफार ओळख झालेली असते. भाचा परत गेल्यावर मीं या विषयावर जें मिळालें तें वाचलें. धंदेवाईक मुष्टियोद्ध्याच्या मागें काय उरतें, आणि जें उरतें त्याची किंमत कशी करावी, याचा विचार जो लुईसच्या उदाहरणावरून आज आपल्यापुढें मांडतों.

प्रथम हा खेळ कसा चालतो तें पाहूं. आपल्या कुस्तींत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली कीं निकाल लागला. मुष्टियुद्धांत दोरांनीं वेढलेल्या चौकोनी मंचावर दोन गडी जाड हातमोजे घालून समोरासमोर उभे राहतात. तीन मिनिटांची एक फेरी होते आणि मग एक मिनिटाची विश्रांति. लुईसच्या काळीं जगज्जेतेपदाची झुंज १५ फेऱ्यांची असे. १९८२ सालीं किम डुक-कू नांवाच्या कोरियन तरुणाला अशाच एका झुंजीनंतर मृत्यु आला, आणि त्यापुढील कांहीं वर्षांत फेऱ्यांची संख्या १२ वर आणण्यांत आली. खालीं पडलेला गडी दहा अंक मोजून होईपर्यंत उठला नाहीं, किंवा त्याला पुढें लढूं देणें धोक्याचें आहे असें पंचाला वाटलें, तर झुंज तेथेंच संपते. एरव्हीं त्या काळीं पंच आणि परीक्षक यांनीं फेरीगणिक केलेल्या नोंदींवरून निकाल दिला जात असे.

येथपर्यंत सर्व कांहीं आपल्या परीक्षेसारखेंच वाटतें. पण एक मोठा फरक आहे. परीक्षेंत वर्गांतील सर्व मुलांना एकच प्रश्नपत्रिका असते. धंदेवाईक मुष्टियुद्धांत मात्र प्रत्येकाची प्रश्नपत्रिका निराळी; आणि ती बहुतेक वेळां त्याचा स्वतःचा मॅनेजर आणि झुंज भरविणारा व्यापारी हे दोघे मिळून काढतात. गडी तयार होत असतांना त्याच्यापुढें सोपे प्रतिस्पर्धी आणावयाचे, नांव झालें म्हणजे भाव वाढवावयाचा, आणि हरण्याचा धोका दिसला कीं तारीख पुढें ढकलावयाची, हा या धंद्याचा जुना शिरस्ता आहे. तेव्हां किती झुंजी जिंकल्या हा आंकडा हातीं आला म्हणजे पहिला प्रश्न असा विचारावा: कोणाशीं, आणि कोणत्या वयांत?

हाच प्रश्न लुईसला लावून पाहूं. जोसेफ लुईस बॅरो हें त्याचें पूर्ण नांव. १३ मे १९१४ रोजीं अमेरिकेच्या आलाबामा संस्थानांत एका गरीब निग्रो शेतकऱ्याच्या घरीं तो जन्मला. निग्रो हा शब्द त्या काळीं रूढ होता. आज त्या समाजाला तो अपमानास्पद वाटतो, म्हणून यापुढें मी कृष्णवर्णीय असेंच म्हणेन. १९२६ सालीं हें कुटुंब उत्तरेकडे डेट्रॉइट शहरीं आलें. मुलानें व्हायोलिन शिकावें अशी आईची इच्छा होती. तिनें शिकवणीसाठीं दिलेले पैसे या मुलानें व्यायामशाळेंतील कपाटाच्या भाड्यासाठीं खर्च केले. ४ जुलै १९३४ रोजीं तो धंदेवाईक मुष्टियोद्धा झाला. २२ जून १९३७ रोजीं शिकागो येथें जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरींत पाडून त्यानें सर्वांत वजनदार गटाचें जगज्जेतेपद मिळविलें, आणि १ मार्च १९४९ रोजीं निवृत्ति जाहीर करीपर्यंत, म्हणजे ११ वर्षें ८ महिने, तें आपल्याकडे राखलें. या काळांत त्यानें आपलें पद २५ वेळां पणाला लावलें. त्या गटांत हे दोन्ही विक्रम अजून कोणी मोडलेले नाहींत. एकंदर झुंजी ६९, विजय ६६, त्यांपैकीं ५२ प्रतिस्पर्ध्याला ठोसरून, आणि पराभव ३.

आतां हे तीन पराभव उलगडून पाहूं. पहिला १९ जून १९३६ चा, जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगकडून बाराव्या फेरींत झालेला. लुईस तेव्हां २२ वर्षांचा होता. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर त्याचा तो हात क्षणभर खालीं येतो, हें श्मेलिंगनें चित्रपटांतून हेरलें होतें. त्या फटींतून त्यानें उजवा ठोसा पुनःपुन्हां मारला. हा पराभव खरा, आणि गुणावगुण पाहूनच झालेला. दुसरा १९५० सालीं एझार्ड चार्ल्सकडून. तेव्हां लुईस ३६ वर्षांचा होता. तिसरा २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं मार्सियानोकडून, आठव्या फेरींत. तेव्हां लुईस ३७ वर्षांचा आणि मार्सियानो २८ वर्षांचा. हे शेवटचे दोन्ही पराभव निवृत्तीनंतर पुन्हां मंचावर आल्यावर झालेले आहेत. तो पुन्हां कां आला, तें पुढें सांगतों. मार्सियानोचे ४९ विजय खोटे आहेत असें माझें म्हणणें नाहीं. तो अत्यंत चिवट आणि सरळ मनाचा गडी होता. लुईसला पाडल्यावर त्यानें आंत जाऊन अश्रू ढाळले, असें नमूद आहे. पण त्या ४९ मधला एक विजय कोणत्या लुईसवर मिळविलेला होता, हें आंकडा सांगत नाहीं.

पराभवाचा आंकडा जसा फसवितो, तसा विजयाचाहि फसवितो. ५ डिसेंबर १९४७ रोजीं न्यूयॉर्क येथें जर्सी जो वॉलकॉटनें लुईसला दोनदां खालीं पाडलें. झुंज संपल्यावर निकाल जाहीर होण्यापूर्वींच लुईस मंचावरून निघूं लागला होता, इतका तो स्वतःवर नाराज होता. दोन परीक्षकांनीं विजय लुईसला दिला. मंचावर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या पंचानें वॉलकॉटला दिला. दोघांविरुद्ध एक, म्हणून वहींत विजय लुईसच्या नांवें पडला. पुढल्या वर्षीं जून महिन्यांत त्याच वॉलकॉटला त्यानें अकराव्या फेरींत पाडून तो संशय बराचसा दूर केला. तसेंच १८ जून १९४१ रोजीं बिली कॉननें त्याला बारा फेऱ्यांपर्यंत मागें टाकलें होतें. तिघांपैकीं दोघांच्या हिशेबीं कॉन पुढें होता, तिसऱ्याच्या हिशेबीं बरोबरी. उरलेल्या तीन फेऱ्या जपून काढल्या असत्या तर कॉन जगज्जेता झाला असता. पण तेराव्या फेरींत तो चढाई करून आला आणि लुईसनें त्याला पाडलें. वहींत दोन्ही ठिकाणीं एकच शब्द आहे, विजय. आणि दोन्ही ठिकाणीं त्याचा अर्थ निराळा आहे.

२५ वेळां पद राखलें याचीहि अशीच तपासणी केली पाहिजे. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत तो सात वेळां लढला, आणि त्यांतील कित्येक प्रतिस्पर्धी इतके सामान्य होते कीं वृत्तपत्रांनीं त्याची थट्टा केली. शिवाय पावणेबारा वर्षांपैकीं मार्च १९४२ पासून जून १९४६ पर्यंत महायुद्धामुळें पद पणाला लागलेंच नाहीं. ही वजावट करणें न्यायाचेंच आहे. पण जमेच्या बाजूसहि पाहावें. कार्नेरा, बेअर, शार्की, ब्रॅडॉक आणि श्मेलिंग या पांच जगज्जेत्यांना त्यानें ठोसरून पाडलें. त्याच्या आधींचा लोकप्रिय जगज्जेता जॅक डेम्प्सी हा १९२३ पासून १९२६ पर्यंत तीन वर्षें पद पणाला न लावतां बसला, आणि हॅरी विल्स या कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशीं त्याची झुंज कधींच झाली नाहीं. लुईस सोपे गडी घेऊन लढला, तसा कठीण गड्यांपासूनहि पळाला नाहीं. आव्हान देणाऱ्याला संधि मिळालीच पाहिजे, ही गोष्ट त्याच्या कारकीर्दींत पुन्हां नेहमींची झाली. मुष्टियुद्ध या धंद्याला त्याची ही देणगी मी आंकड्यांपेक्षां मोठी मानतों.

पण एवढ्यानें मोजमाप पुरें होत नाहीं. माझ्या नोकरींतील एक गोष्ट सांगतों. पंचवीस एक वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाला सहामाहींत गणितांत ३२ गुण पडले. प्रगतिपुस्तकावर मीं शेरा लिहिला, आळशी आहे. चार दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली. नवरा अंथरुणाला खिळलेला. मुलगा पहाटे चारला उठून दूध घालीत होता, मग शाळेंत येत होता. ती तक्रार करावयास आली नव्हती. त्याला थोडें समजावून सांगा, एवढेंच म्हणावयास आली होती. मी पुष्कळ ओशाळलों. पण शेरा शाईनें लिहिलेला होता. त्या दिवसापासून गुण देण्यापूर्वीं मुलगा कोठून चालत आला आहे, हें विचारण्याची मला संवय लागली. दुसरा प्रश्न तो हाच: हा मनुष्य कोणत्या परिस्थितींतून चालत आला?

लुईसची परिस्थिति समजण्यासाठीं त्याच्या आधींच्या एका माणसाची ओळख करून घेतली पाहिजे. जॅक जॉन्सन हा या गटांतील पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता; १९०८ पासून १९१५ पर्यंत पद त्याच्याकडे होतें. तो मनस्वी होता. प्रतिस्पर्ध्याला हंसत हंसत मारीत असे, उंची मोटारी फिरवीत असे, आणि गोऱ्या स्त्रियांशीं त्यानें विवाह केले. ४ जुलै १९१० रोजीं त्यानें जेम्स जेफ्रीजला हरविलें, तेव्हां अमेरिकेंतील अनेक शहरांत दंगली होऊन माणसें मेलीं. १९१३ सालीं त्याच्यावर खटला भरून त्याला शिक्षा ठोठावण्यांत आली. तो खटला वर्णद्वेषांतून उभा राहिला होता, आणि त्या शिक्षेची माफी सरकारनें दिली ती २०१८ सालीं, म्हणजे तो वारल्यावर जवळजवळ सहा तपांनीं. १९१५ नंतर तब्बल २२ वर्षें एकाहि कृष्णवर्णीयाला या गटाच्या जगज्जेतेपदासाठीं लढूं दिलें गेलें नाहीं.

ही बंद झालेली वाट उघडावयाची, म्हणून लुईसच्या मॅनेजरांनीं त्याला नियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढावयाचें नाहीं. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून आनंद दाखवावयाचा नाहीं. तोंडून बढाईचा शब्द निघूं द्यावयाचा नाहीं. वृत्तपत्रांतून दिसणारा त्याचा निर्विकार चेहरा हा पुष्कळ अंशीं त्याचा स्वभाव होता. पण तो या कराराचाहि भाग होता. गोऱ्या विजेत्याला हंसण्याची मोकळीक होती. लुईसला विजयानंतरहि चेहऱ्यावर पहारा ठेवावा लागत असे. मार्सियानोच्या वहींत हा भार कोठें दिसत नाहीं, कारण तो त्याच्यावर नव्हताच.

अशा स्थितींत २२ जून १९३८ हा दिवस उजाडला. श्मेलिंगशीं दुसरी झुंज. हिटलरचें सरकार श्मेलिंगच्या १९३६ च्या विजयाचा वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून उपयोग करीत होतें. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें सुमारें ७०,००० प्रेक्षक जमले, आणि कोट्यवधि लोक रेडिओजवळ कान देऊन बसले. झुंज १२४ सेकंदांत संपली. त्या रेडिओवर्णनाचें ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २००५ सालच्या यादींत घातलें आहे. दोन मिनिटांची ती झुंज, पण त्या रात्रीं गोऱ्या अमेरिकेनें बहुधा प्रथमच एका कृष्णवर्णीयाला आपला म्हणून जयजयकार केला. त्याच वेळीं त्याच्या जन्मप्रांतांत त्याच्या जातभाईंना मत देतां येत नव्हतें, आणि गाडींत गोऱ्यांशेजारीं बसतां येत नव्हतें, ही गोष्टहि त्याच पानावर लिहून ठेवली पाहिजे.

येथें श्मेलिंगलाहि न्याय दिला पाहिजे. तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता. त्याचा अमेरिकेंतील मॅनेजर ज्यू होता, आणि त्याला सोडण्यास त्यानें नकार दिला. नोव्हेंबर १९३८ मध्यें जर्मनींत ज्यूंच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ले झाले, त्या वेळीं त्यानें दोन ज्यू मुलांना आपल्या खोलींत लपवून वांचविलें. आणि ही गोष्ट पुढें कित्येक वर्षें कोणाला सांगितलीहि नाहीं. ज्या दोघांना दोन राष्ट्रांनीं एकमेकांसमोर शत्रु म्हणून उभें केलें, ते उतारवयांत जिवलग मित्र झाले. मुष्टियोद्ध्याचें मोजमाप करतांना त्याच्या पाठीमागें लावलेला झेंडा आणि तो मनुष्य, हीं दोन निराळीं धरावीं, हा धडा मला येथें मिळाला.

युद्ध आलें तेव्हां जानेवारी १९४२ मध्यें लुईस साधा शिपाई म्हणून सैन्यांत दाखल झाला. त्याच महिन्यांतील झुंजीची कमाई त्यानें आरमाराच्या मदतनिधीस दिली, आणि मार्चमधील झुंजीची सैन्याच्या निधीस. त्या वेळीं आरमारांत कृष्णवर्णीयांना स्वयंपाक आणि वाढपी यांपलीकडे काम मिळत नव्हतें. सैन्यांतहि त्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. लुईसनें पलटणींपुढें सुमारें ९६ प्रदर्शनी झुंजी केल्या. कॅन्ससमधील फोर्ट रायली येथें शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुणांचे अधिकारी होण्यासाठीं केलेले अर्ज अडून राहिले होते. लुईसनें ही गोष्ट युद्धखात्यांतील ओळखीच्या अधिकाऱ्याच्या कानावर घातली, आणि वाट मोकळी झाली. त्या तरुणांत जॅकी रॉबिन्सन होता. १९४७ सालीं वरिष्ठ दर्जाच्या बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ज्यानें ओलांडली, तोच हा रॉबिन्सन. सैन्यांतील पृथक्करण बंद करण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं जुलै १९४८ मध्यें काढला. तो लुईसमुळें निघाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण ज्या अनेक हातांनीं ती भिंत ढकलली, त्यांत हातमोजे घातलेला एक हात होता, एवढें निश्चित.

पुढच्या पिढीला हें पुरेसें वाटलें नाहीं. लुईस फार सौम्य होता, गोऱ्यांनीं आंखलेल्या रेषेंत चालला, असा आक्षेप १९६० नंतर घेतला गेला. एप्रिल १९६७ मध्यें मुहम्मद अलीनें व्हिएतनाम युद्धासाठीं सैन्यभरती नाकारली. त्याचें जगज्जेतेपद गेलें, आणि ऑक्टोबर १९७० पर्यंत त्याला लढतां आलें नाहीं. लुईसला अलीचें वागणें पसंत नव्हतें, आणि अलीनेंहि त्याच्यावर तिखट शब्द टाकले. या वादांत एकाला शूर आणि दुसऱ्याला भित्रा ठरविण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मतें दोघांच्या वेळच्या दाराचा अडसर निराळा होता. जॉन्सननंतर बंद झालेलें दार जोरानें ढकलून उघडणारें नव्हतें. लुईस तेथें शांतपणें उभा राहिला आणि तें उघडलें. अली आला तेव्हां दार उघडें होतें, म्हणून आंत जाऊन काय बोलावयाचें हा प्रश्न त्याला विचारतां आला. लुईसनें अलीला समजून घेतलें नाहीं ही लुईसची उणीव आहे, आणि ती उणीव म्हणूनच नोंदवावी.

आतां तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीनें सर्वांत अवघड: या कर्तबगारीची किंमत कोणी भरली, आणि नफा कोणाकडे गेला? लुईसच्या झुंजींचें उत्पन्न एकंदर ४६ लाख डॉलरांच्या घरांत गेलें. त्यांतील सुमारें ८ लाखच त्याच्या हातीं आले. बाकीचें मॅनेजर, व्यापारी आणि खर्च यांत गेलें. वर करखात्याची बाकी. मदतनिधीला दिलेल्या दोन झुंजींची कमाईसुद्धां त्याचेंच उत्पन्न धरून तिच्यावर कर मागण्यांत आला. त्या काळीं अमेरिकेंत फार मोठ्या उत्पन्नाच्या वरच्या भागावर ८० टक्क्यांहून अधिक कर होता. व्याज आणि दंड चढत गेला, आणि बाकी वाढत गेली. म्हणून तो ३६ व्या वर्षीं पुन्हां मंचावर चढला. भाचा ज्या हारीबद्दल बोलत होता, ती हार अशी झाली. १९५६ सालीं तर तो पोटासाठीं तमाशेवजा कुस्त्या करूं लागला.

यांत त्याचा स्वतःचा दोष नव्हता असें मी म्हणत नाहीं. हिशेब ठेवण्याची त्याला संवय नव्हती. मागेल त्याला तो देत असे. गॉल्फवर पैजा लावून पुष्कळ हरला, धंद्यांत बुडाला, आणि संसारांतहि तो एकनिष्ठ राहिला नाहीं. पण मंदीच्या काळांत आपल्या कुटुंबानें घेतलेली सरकारी मदत पैसे हातीं येतांच परत करणारा मनुष्यहि तोच होता. पुढें प्रकृति ढासळली. १९७० सालीं मानसिक आजारासाठीं त्याला रुग्णालयांत ठेवावें लागलें. शेवटचीं वर्षें त्यानें लास व्हेगासच्या एका जुगारगृहांत येणाऱ्या जाणाऱ्यांशीं हात मिळविण्याच्या नोकरीवर काढलीं. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनीं मेंदूला कायमची इजा होते, हें हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरानें १९२८ सालींच लिहून ठेवलें होतें. तेव्हां या खेळाचें कौतुक करतांना प्रेक्षकानेंहि आपल्या तिकिटाच्या पैशानें काय विकत घेतलें, याचा विचार करावा.

१२ एप्रिल १९८१ रोजीं लुईस वारला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं नियम शिथिल केल्यामुळें त्याला आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमींत जागा मिळाली. अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगनें हातभार लावला, असें सांगतात. १९८२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें त्याच्या नांवें सुवर्णपदक दिलें, आणि १९८६ सालीं डेट्रॉइट शहरांत त्याच्या स्मरणार्थ २४ फूट लांबीचा ब्राँझचा हात आणि मूठ टांगण्यांत आली. हे सन्मान योग्यच होते. पण ज्या देशानें पदक दिलें, त्याच देशाच्या करखात्यानें त्याला म्हातारपणीं मंचावर चढविलें होतें, हेंहि विसरूं नये.

तेव्हां मोजमापाची माझी रीत अशी. पहिल्यानें विचारावें, कोणाशीं आणि कोणत्या वयांत लढला. मग विचारावें, कोणत्या परिस्थितींतून आला, आणि त्याच्या मागून येणाऱ्यांना वाट रुंद झाली कीं अरुंद. शेवटीं विचारावें, किंमत कोणी भरली. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत मिळतें, दुसऱ्याचें इतिहासांत. तिसऱ्याचें उत्तर देतांना त्या मनुष्याबरोबर त्याच्या भोंवतालच्या समाजालाहि गुण द्यावे लागतात, आणि ते नेहमींच चांगले पडतात असें नाहीं.

भाच्याला मीं पत्र लिहिलें. मंचावरील कौशल्यांत मार्सियानो कीं लुईस, हा वाद जाणकारांनीं खुशाल करावा; २८ वर्षांचा मार्सियानो आणि २४ वर्षांचा लुईस यांची झुंज झालीच नाहीं, म्हणून त्याचा निकालहि लागणार नाहीं. पण मागें काय उरलें असें विचारशील, तर मला लुईसचें पारडें जड वाटतें. आणि तें त्याच्या तीन पराभवांसकट जड वाटतें, त्यांना वगळून नव्हे. त्याचें उत्तर आलें आहे. तो लिहितो, "मामा, आंकडे मी पाठ केले होते, पण तारखा पाहिल्या नव्हत्या." मास्तराला याहून अधिक काय पाहिजे?